मौनी चित्रकाराचे सिंहावलोकन



सिंहावलोकन हा शब्द आपल्या चांगला परिचयाचा आहे. सिंह रानातून चालू लागला म्हणजे काही अंतरावर थांबतो, मान वळवून आलेल्या वाटेकडे एकवार पाहतो आणि मगच पुढचे पाऊल टाकतो, अशी त्यामागील समजूत. संस्थेचा वार्षिक अहवाल वाचणारे चिटणीस हा शब्द वापरतात. वर्षअखेरीस वर्तमानपत्रेही वापरतात. चित्रकलेच्या क्षेत्रातही सिंहावलोकन असते. एखाद्या चित्रकाराने जन्मभर केलेले काम ठिकठिकाणांहून जमवावयाचे, काळाच्या क्रमाने एका छपराखाली मांडावयाचे आणि लोकांना ते सलग पाहू द्यावयाचे, ह्यास सिंहावलोकनी प्रदर्शन असे म्हणतात. फरक इतकाच की, वाट चालून गेलेला सिंह अशा वेळी पुष्कळदा हयात नसतो. मागे वळून पाहण्याचे काम मग इतरांना करावे लागते.

२४ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयात असे एक प्रदर्शन उघडले आणि ११ फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते चालले. चित्रकाराचे नाव वासुदेव गायतोंडे. चित्रे रंगविणे ही एक प्रक्रिया आहे आणि चित्रे रंगविणे हेच जीवन आहे, असा प्रदर्शनाच्या नावाचा भावार्थ होता. संधिनी पोद्दार ह्या विदुषींनी त्याची मांडणी केली होती. आशिया, युरोप व अमेरिका येथील ३० सार्वजनिक संस्था व खाजगी संग्राहक यांजकडून ४५ प्रमुख चित्रे त्यासाठी मागवून आणली होती. गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ चा. म्हणजे प्रदर्शन उघडल्यानंतर नवव्या दिवशी त्यांच्या जन्मास ९० वर्षे पूर्ण झाली. परंतु तो सोहळा पाहावयास ते नव्हते. १० ऑगस्ट २००१ रोजीच त्यांचे निधन झाले होते.

गोमंतकीय आईबापांच्या पोटी नागपुरास जन्मलेला आणि मुंबईच्या गिरगावातील चाळीत वाढलेला हा मुलगा. त्याच्या चित्रांसाठी सातासमुद्रापलीकडील एका थोर संग्रहालयाने आपली दालने मोकळी करून द्यावी, ही घटना मराठी माणसास अभिमान वाटावा अशी आहे, ह्यात शंका नाही. परंतु अभिमान वाटणे निराळे आणि ओळख असणे निराळे. गायतोंडे हे नाव आज पुष्कळांच्या कानांवरून गेले आहे. त्यांचे चित्र मात्र फार थोड्यांनी पाहिले आहे. आणि ज्यांनी पाहिले, त्यांतील कित्येकांच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला : 'ह्यात आहे तरी काय?'

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. गायतोंडे यांच्या प्रौढ वयातील चित्रांत माणूस नाही, घर नाही, झाड नाही, देवदेवता नाही. एखादा पिवळा, राखी, तांबूस किंवा निळसर रंग सर्व पृष्ठभागावर पसरलेला असतो. त्यात कोठे कोठे काही आकार तरंगताना दिसतात. ते अक्षरांसारखे वाटतात, परंतु वाचता येत नाहीत. चित्रास नाव द्यावे आणि प्रेक्षकास निदान एक सूत्र हाती द्यावे, तर तेही नाही. अशा चित्रापुढे उभे राहिलेल्या माणसांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग म्हणतो की, ही निव्वळ फसवणूक आहे. दुसरा वर्ग, आपले अज्ञान उघडे पडेल ह्या भीतीने, मान डोलावून पुढे जातो. खरे पाहता दोघांनीही चित्र पाहिलेले नसते. पहिल्याने ते रागाने टाळलेले असते आणि दुसऱ्याने भिडेने.

ह्या अडचणीतून मार्ग काढावयाचा तर आपल्या संगीताचे स्मरण करावे. गवई मैफलीत बसतो, तंबोरे जुळतात आणि तो आलाप सुरू करतो. त्या आलापात शब्द नसतात, गोष्ट नसते, कोणत्याही वस्तूचे वर्णन नसते. तरीही 'ह्या आलापाचा अर्थ काय?' असे श्रोत्यांतून कोणी विचारीत नाही. स्वर लागला की तो थेट मनाला भिडतो, हे आपण लहानपणापासून मान्य केलेले आहे. कानाला जी मोकळीक आपण बिनतक्रार देतो, ती डोळ्याला द्यावयास मात्र आपण तयार नसतो. डोळ्याने पाहिले की त्याला नाव हवे, ओळख हवी, असा आपला आग्रह. गायतोंडे ह्यांनी तो आग्रह बाजूस ठेवण्याची विनंती केली, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलेही त्यांना रुचत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांना अधिक जवळचा वाटे. अमूर्त म्हटले म्हणजे मुळात काहीतरी मूर्त होते आणि चित्रकाराने ते पुसले किंवा मोडले, असा भास होतो. वस्तुनिरपेक्ष म्हणजे ज्यास आरंभापासून कोणत्याही वस्तूचा आधार घ्यावयाचा नाही असे.

परंतु त्या टोकापर्यंत ते एका दिवसात जाऊन पोहोचले नाहीत. सिंहावलोकनी प्रदर्शनाचे खरे महत्त्व येथेच आहे. गणिताच्या तासाला विद्यार्थ्याने पाटीवर लिहिलेले शेवटचे उत्तर तेवढे पाहिले, तर ते त्याचे स्वतःचे की शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवलेले, हे कळत नाही. मधल्या पायऱ्या पाहिल्या म्हणजे सर्व उलगडा होतो. एकट्यादुकट्या वस्तुनिरपेक्ष चित्राबद्दल मनात संशय येणे स्वाभाविक आहे. त्या चित्रापर्यंत पोहोचण्यास लागलेली चाळीस वर्षे डोळ्यांपुढे मांडली म्हणजे तो संशय राहत नाही.

त्या पायऱ्या थोडक्यात पाहू. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून गायतोंडे १९४८ साली पदविका घेऊन बाहेर पडले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. भारतीय चित्रकलेने आता कोणती वाट धरावी, ह्याविषयी तरुण चित्रकारांत मोठी खळबळ होती. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे ह्या सहा जणांनी मुंबईत प्रागतिक कलावंतांचा संघ स्थापन केला. पुढे लवकरच गायतोंडे ह्या मंडळींत सामील झाले. त्यांची त्या काळातील चित्रे पाहिली तर त्यांत माणसे आहेत, पक्षी आहेत, ठसठशीत रेषा आहेत. आपल्याकडील जुन्या लघुचित्रांतील सपाट, तेजस्वी रंगांचा अभ्यास त्यांत दिसतो आणि पाउल क्ले ह्या स्विस-जर्मन चित्रकाराची छायाही दिसते. म्हणजे ज्याला माणूस काढता येत नाही तो अमूर्ताकडे वळतो, हा जो एक लोकप्रिय समज आहे, त्याला ह्या चित्रांनी परस्पर उत्तर मिळते.

पुढची पायरी १९५० नंतरच्या दशकातली. माणसांच्या आकृती हळूहळू विरघळू लागल्या. रेषा राहिल्या, मग रेषाही मागे हटल्या आणि रंग पुढे आला. १९५७ साली टोकियो येथे भरलेल्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात गायतोंडे ह्यांना पहिले पारितोषिक मिळाले. ह्याच सुमारास मुंबईच्या वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांना काम करावयास जागा मिळाली. त्या वास्तूत एका खोलीत रविशंकर सतार शिकवीत असत, दुसरीकडे अल्काझी नाटकाच्या तालमी घेत असत आणि आसपास हुसेन, तय्यब मेहता असे चित्रकार काम करीत असत. इतक्या गजबजाटात राहूनही गायतोंडे स्वभावाने एकांतप्रिय राहिले. झेन पंथाच्या विचारांचे त्यांना आकर्षण होते. कृष्णमूर्ती व रमण महर्षी ह्यांच्या शिकवणुकीकडेही त्यांचा ओढा होता. बोलणे कमी, पाहणे अधिक, असा त्यांचा बाणा.

१९६४ साली रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती मिळून ते न्यूयॉर्कला गेले. अमेरिकेतील नव्या चित्रकलेचा तो भरभराटीचा काळ. तेथील मोठमोठ्या रंगक्षेत्रांची चित्रे त्यांनी पाहिली. परंतु ज्या वाटेने ते निघाले होते ती वाट त्यांना त्याआधीच सापडलेली होती, हे त्यांच्या साठाव्या सालाच्या आसपासच्या चित्रांवरून स्पष्ट दिसते. प्रदर्शनात कालक्रम डोळ्यांपुढे असला म्हणजे असे निर्णय सोपे होतात. अमक्याने तमक्याची नक्कल केली, असे विधान तोंडाने करणे सोपे. तारखा समोर ठेवल्या की ते करावयास जीभ धजत नाही.

शिष्यवृत्तीचा काळ संपल्यावर ते परत आले. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ साली मुंबई सोडून ते दिल्लीस गेले आणि निजामुद्दीन पूर्व ह्या वस्तीत गच्चीवरील एका लहानशा बिऱ्हाडात राहू लागले. त्यांनी लग्न केले नाही. भेटीगाठी, सभा, समारंभ ह्यांपासून ते दूर राहिले. पूर्वी आडवी असणारी त्यांची चित्रे आता उभी झाली आणि त्यांत ती वाचता न येणारी अक्षरे तरंगू लागली. १९८४ साली एका अपघातात त्यांना गंभीर दुखापत झाली आणि मोठे कॅनव्हास रंगविणे काही वर्षे बंद पडले. ह्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान लहान रेखाटने केली. आयुष्याने जागा आखूडली, तर तेवढ्या जागेत काम चालू ठेवले. त्यानंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले.

काम करण्याची त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कुंचल्यापेक्षा रंगाचा रूळ आणि पातळ पात्याची सुरी ही हत्यारे त्यांनी अधिक वापरली. रंगाचा एक थर द्यावयाचा, तो खरवडावयाचा, त्यावर दुसरा थर द्यावयाचा, तोही काही ठिकाणी काढून घ्यावयाचा, असे थरावर थर चढत. वर्तमानपत्रांचे व मासिकांचे कागद फाडून त्यांचे तुकडे ते ओल्या रंगावर दाबीत आणि उचलून घेत. त्यामुळे आतील थराचा उजेड बाहेर येई. श्रोत्यांनी एकदा ह्याचा विचार करून पाहावा. सकाळी वाचून आपण जे वर्तमानपत्र रद्दीत टाकतो, त्याच्या तुकड्याने एका चित्रात प्रकाश आणला. रंग लावण्यास त्यांना फार वेळ लागत नसे; वेळ जाई तो त्याआधीच्या बसण्यात. दिवसच्या दिवस ते कोऱ्या कॅनव्हाससमोर आणि स्वतःच्या मनासमोर बसून राहत. वर्षाकाठी पाचसहा चित्रे झाली तरी त्यांना पुरेशी वाटत. कामाचे मोजमाप संख्येने करणाऱ्या आजच्या काळात ही गोष्ट कोणालाही विचार करावयास लावील.

आता असे प्रदर्शन भरविणे हे किती कष्टाचे काम आहे, ते पाहा. वर्षाला पाचसहा चित्रे करणाऱ्या माणसाची चित्रे जगभर विखुरलेली. त्यांना शीर्षके नाहीत. त्यामुळे कोणते चित्र कोणते, हे सन, माप व रंग ह्यांवरून ठरवावयाचे. काहींच्या पाठीवर चित्रकाराने सही केली आहे आणि ती कित्येकदा आपल्या नागरी लिपीत आहे. मालकांना पत्रे लिहावयाची, त्यांची समजूत घालावयाची, चित्रे पेट्यांत भरून समुद्रापार आणावयाची, त्यांचा विमा उतरवावयाचा आणि प्रदर्शन संपताच ज्याचे त्याला सुखरूप पोहोचते करावयाचे. न्यूयॉर्कनंतर हेच प्रदर्शन ऑक्टोबर २०१५ ते जानेवारी २०१६ ह्या काळात इटलीतील व्हेनिस येथे गेले. मग ती चित्रे पुन्हा आपापल्या मालकांकडे परतली. जत्रा उठावी, तसा हा मेळा उठतो.

गुगेनहाइम संग्रहालयातच हे प्रदर्शन भरावे, ह्यात एक औचित्यही होते. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ह्या संस्थेने पहिले दालन उघडले, तेव्हा त्याचे नाव 'वस्तुनिरपेक्ष चित्रांचे संग्रहालय' असेच होते. हिला रिबे ह्या चित्रकर्तीच्या प्रेरणेने ते उभे राहिले. जो शब्द गायतोंडे ह्यांना स्वतःच्या चित्रांसाठी जवळचा वाटे, तो ह्या संस्थेच्या पाटीवर त्यांच्या शाळकरी वयातच लागलेला होता. १९६४ साली शिष्यवृत्ती घेऊन जो चित्रकार त्या शहरात शिकावयास गेला, त्याचे काम पन्नास वर्षांनी तेच शहर पाहावयास आले.

तथापि सिंहावलोकनाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. चित्रे ओळीने लावली म्हणजे सर्व प्रवास जणू आधीच आखून ठेवला होता, असे वाटू लागते. प्रत्यक्षात तो तसा नव्हता. प्रत्येक चित्रापुढे तो माणूस पुन्हा नव्याने अडला असेल. दुसरी गोष्ट अशी की, जो चित्रकार जन्मभर बोलला नाही त्याच्याविषयी अशा वेळी फार बोलले जाते आणि त्या बोलण्यात चित्र झाकून जाण्याचा संभव असतो. तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण पैशाची. डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाच्या दहा महिने आधी, मुंबईत झालेल्या एका लिलावात गायतोंडे ह्यांचे १९७९ सालचे एक चित्र २३ कोटी रुपयांहून अधिक किमतीस गेले. त्यानंतर हे आकडे वाढतच गेले. गायतोंडे हे नाव सामान्य वाचकाला प्रथम कळले ते ह्या आकड्यांमुळे. चित्रात काय आहे हे न समजलेल्या माणसाला, त्यात इतके कोटी आहेत, हे मात्र चटकन समजले. एका लहानशा बिऱ्हाडात साधेपणाने राहिलेल्या माणसाची ही केवढी विपरीत ओळख! प्रदर्शनाने निदान एवढे केले की, किमतीची चिठ्ठी काढून घेऊन भिंतीवर फक्त चित्र ठेवले.

थोर कलावंताचा वारसा केवळ त्याच्या चित्रांत राहत नाही, तो माणसांतही उतरतो. भुलाभाई संस्थेत असताना नसरीन मोहम्मदी ह्या तरुण चित्रकर्तीला गायतोंडे ह्यांचा सहवास व प्रोत्साहन मिळाले. १९३७ साली कराचीस जन्मलेल्या नसरीनबाई १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विभागात शिकवीत असत. शाई व पेन्सिल ह्यांनी कागदावर ओढलेल्या बारीक, काटेकोर रेषा एवढेच त्यांचे साहित्य. अंगावर दुखणे असतानाही त्या ह्या रेषा ओढीत राहिल्या आणि १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे निवर्तल्या. त्यांच्याही चित्रांचे सिंहावलोकन २०१५ साली माद्रिद येथे आणि २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर ह्या दालनात झाले. ते दालन उघडले तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांपैकी ते एक होते. बडोद्यात ज्यांनी त्यांच्या हाताखाली धडे घेतले, त्यांना ह्या गोष्टीचे मोल सांगावयास नको.

ह्या सर्व हकीकतीतून एक प्रश्न आपल्यापुढे उरतो. आपल्या माणसांची ओळख करून घेण्यास आपण नेहमी दूरच्या पाहुण्याच्या बोलावण्याची वाट पाहावी काय? आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्ञानेश्वर नाडकर्णी ह्यांनी गायतोंडे ह्यांच्यावर लिहिलेले पुस्तक ललित कला अकादमीने १९८३ साली, म्हणजे चित्रकाराच्या हयातीतच, प्रसिद्ध केले. सतीश नाईक ह्यांनी परिश्रमपूर्वक मोठा मराठी ग्रंथ सिद्ध केला. डॉ. होमी भाभा ह्यांच्या रसिकतेमुळे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या काळीच ह्या तरुण चित्रकारांची चित्रे घेऊन आपल्या भिंतींवर लावली. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गायतोंडे ह्यांची चित्रे आहेत. जहांगीर निकल्सन ह्यांनी जमविलेल्या आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या संग्रहातही ती आहेत. पेरणाऱ्यांनी पेरले आहे. वानवा आहे ती जाऊन पाहणाऱ्यांची.

मुंबईस किंवा दिल्लीस आपले जाणेयेणे असते. लग्नकार्य असते, कचेरीचे काम असते, मुलाची परीक्षा असते. अशा वेळी एक तास राखून ठेवून त्या संग्रहालयात चौकशी करावी आणि गायतोंडे ह्यांचे एखादे चित्र मांडलेले असल्यास त्यापुढे जाऊन उभे राहावे. बरोबर मूल असेल तर त्यालाही न्यावे. मुलांना 'ह्यात काय आहे?' हा प्रश्न मोठ्या माणसांइतका छळीत नाही. ह्यात काय आहे, हे लगेच विचारू नये. चित्रासमोर निदान दहा मिनिटे शांत राहावे. पहिल्या मिनिटात एकच रंग दिसेल. तिसऱ्याचौथ्या मिनिटात त्याखालचा दुसरा रंग वर येऊ लागेल आणि कागदाच्या तुकड्याने उचलून घेतलेली जागा उजळलेली दिसेल. कदाचित ह्याहून अधिक काही होणार नाही. परंतु ज्या माणसाने एका चित्रासाठी दिवसच्या दिवस मौन पाळले, त्याला आपल्या आयुष्यातील दहा मिनिटांचे मौन देणे, हे काही फार मोठे देणे नव्हे. तेवढे दिले म्हणजे मग ते चित्र आवडले नाही असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला प्राप्त होतो. न पाहता दिलेला होकार आणि न पाहता दिलेला नकार, ह्या दोहोंपेक्षा तो अधिकार निश्चितच अधिक मोलाचा आहे.